शेवटचं चालणारं व्हर्जन आमच्याकडून काढून घेऊ नका

प्रति,
डिझाइन सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपन्यांमधले निर्णय घेणारे सर्वजण

विषय : जुन्या संगणकांवर चालणारी व्हर्जन्स मिळत राहावीत आणि सुरू होत राहावीत याबाबत

सप्रेम नमस्कार.

मी तुमचा ग्राहक आहे. वीस वर्षं डिझाइनचं काम करतोय. मुखपृष्ठं, पॅकेजिंग, लोगो, कधीमधी एखादं थ्रीडी मॉडेल. तुमच्यापैकी बऱ्याच जणांचं सॉफ्टवेअर मी पैसे मोजून घेतलं आहे आणि त्यावरच माझं पोट चालतं, तेव्हा हे पत्र शिव्या घालायला लिहिलेलं नाही. मागणी एकच आहे. ती कुठून आली ते आधी सांगतो.

गेल्या वर्षी माझ्या जुन्या संगणकाची हार्ड डिस्क गेली. दोन दिवस आतून कट्कट् आवाज येत होता, मग विंडोज सुरू व्हायला दहा-दहा मिनिटं लागायला लागली, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी स्क्रीन काळीच राहिली. बॅकअप होता, त्यामुळे फाइल्स वाचल्या. नवीन एसएसडी बसवली आणि विंडोज ७ पुन्हा घातलं. या मशीनवर आजही विंडोज ७ आहे, कारण त्याला एक मोठा फ्लॅटबेड स्कॅनर जोडलेला आहे. त्याचा ड्रायव्हर पुढच्या विंडोजसाठी कधी निघालाच नाही, आणि स्कॅनर अजून ठणठणीत आहे. जुन्या छायाचित्रांची आणि हाताने रंगवलेल्या चित्रांची कामं मी त्याच्यावरच करतो. स्कॅन करायचं, तिथल्या तिथे साफ करायचं, रंग जुळवायचे, मग पुढे न्यायचं. त्यासाठी लागणारं सॉफ्टवेअर बारा-तेरा वर्षांपूर्वी पूर्ण किमतीला घेतलं होतं. डिस्क जपून ठेवली होती, सीरियल नंबर वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला होता.

इन्स्टॉल झालं. नंबर टाकला. तो खरा आहे का हे कंपनीच्या सर्व्हरला विचारून मगच सॉफ्टवेअर सुरू होतं, यालाच ॲक्टिव्हेशन म्हणतात. चक्र फिरत राहिलं आणि चौकट आली : सर्व्हरशी संपर्क होत नाही, इंटरनेट तपासा. इंटरनेट व्यवस्थित होतं. मला वाटलं टीएलएसची, म्हणजे इंटरनेटवरचा संपर्क सुरक्षित ठेवणाऱ्या पद्धतीची, भानगड असेल, कारण विंडोज ७ मध्ये टीएलएस १.२ असलं तरी बऱ्याच प्रोग्रॅमना ते आपोआप मिळत नाही. त्यासाठी एक अपडेट घालून रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंग्जमध्ये, बदल करावा लागतो. तेही केलं. मशीनची तारीख-वेळ तपासली, फायरवॉल बंद करून पाहिली. चौकट तीच. शेवटी कंपनीच्या ग्राहक सेवेशी चॅटवर बोललो. पलीकडचा मुलगा अतिशय नम्र होता.

"सर, त्या व्हर्जनचं ॲक्टिव्हेशन आता बंद झालंय."

"माझं लायसन्स कायमस्वरूपी आहे. बिलावर तसं लिहिलंय."

"हो सर, लायसन्स तुमचंच आहे. फक्त ते आता ॲक्टिव्हेट होणार नाही. तुम्ही नवीन व्हर्जनचं सबस्क्रिप्शन घेऊ शकता."

"ते विंडोज ७ वर चालतं का?"

"नाही सर. त्यासाठी संगणक बदलावा लागेल."

त्या मुलाचा काही दोष नाही. पण या संगणकात बिघडलेली वस्तू एकच होती, हार्ड डिस्क, आणि ती मी बदलली होती. प्रोसेसर तोच, रॅम तीच, स्कॅनर तोच, मी तोच. आदल्या आठवड्यापर्यंत याच मशीनवर हेच सॉफ्टवेअर रोज सकाळी उघडत होतं. ते आता उघडत नाही याचं एकमेव कारण म्हणजे तुमच्याकडचा एक सर्व्हर 'हो' म्हणायचा बंद झाला आहे.

आता मी काय मागत नाही, ते सांगतो, म्हणजे गैरसमज नको. तुमचं आजचं सॉफ्टवेअर माझ्या जुन्या मशीनवर चालावं, असा माझा हट्ट नाही. ते का चालत नाही हे मला बऱ्यापैकी कळतं. तुम्ही सगळं स्वतः लिहीत नाही. बटणं, खिडक्या, मेन्यू यासाठी कुणी क्यूटी नावाचा तयार कोडचा संच वापरतं, आणि डिसेंबर २०२० मध्ये आलेल्या क्यूटी ६ ने विंडोज ७ आणि ८ सोडून दिलं. ज्यांचं ॲप क्रोमियमवर, म्हणजे क्रोम ब्राउझरच्या गाभ्यावर, उभं आहे त्यांची तीच गत झाली : क्रोमचं १०९ हे विंडोज ७ वर चालणारं शेवटचं व्हर्जन, आणि २०२३ च्या सुरुवातीला त्याच्या मागोमाग, त्या गाभ्यावर ॲप बांधायला वापरतात त्या इलेक्ट्रॉननेही तो दरवाजा बंद केला. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेचं ३.९ व्हर्जन विंडोज ७ वर चालत नाही, आणि थ्रीडीच्या जवळपास प्रत्येक पॅकेजच्या पोटात पायथन असतं. खालची वीट हलली की वरची भिंत हलणारच. हे मान्य.

तरी एक गोष्ट जवळून दाखवतो. विंडोज ७ वर एखादं नवीन सॉफ्टवेअर उघडायला गेलं की बरेचदा एक छोटी चौकट येते. त्यात लिहिलेलं असतं की अमुक एक 'प्रोसीजर एंट्री पॉइंट' कर्नेल३२ डीएलएल या विंडोजच्या मूळ फाइलमध्ये सापडला नाही. मी एकदा त्या चौकटीतलं लांबलचक नाव नीट वाचलं. ते होतं संगणकाला अधिक अचूक वेळ विचारणारं एक फंक्शन, जे विंडोज ८ पासून आलं. वेळ सांगणारं साधं फंक्शन विंडोज ७ मध्ये आहेच, फक्त त्याचे टप्पे काही मिलिसेकंदांचे असतात. म्हणजे ब्रश, लेयर, रंग यांतलं काहीच अडलेलं नव्हतं. अडलं होतं ते घड्याळापाशी. ते फंक्शन नसेल तर जुनं वापर, एवढी एक तपासणी ठेवली असती तर कदाचित सॉफ्टवेअर पुढे सरकलं असतं. कदाचित पुढे दुसरीकडे अडलं असतं, तेही शक्य आहे. पण अशी किती अडथळ्यांची ठिकाणं खरोखर अटळ असतात आणि किती ठिकाणी कुणी पाहिलंच नाही, हा प्रश्न तुमच्या टीमला कुणीतरी विचारायला हवा.

प्रोसेसरचंही तसंच. एव्हीएक्स२ नावाच्या, एका फटक्यात अनेक आकड्यांवर काम करणाऱ्या सूचना इंटेलने २०१३ मध्ये हॅसवेल प्रोसेसरमध्ये आणल्या. त्या फिल्टर आणि रेंडरिंगसाठी उपयोगाच्या आहेत यात शंका नाही. पण २०२० साली नव्याने विक्रीला आलेल्या पेंटियम आणि सेलेरॉनमध्येसुद्धा त्या नव्हत्या. एखाद्याने त्या वर्षी कोरा करकरीत संगणक घेतला आणि तुमच्या इन्स्टॉलरने त्याला जुना म्हणून परत पाठवलं, असंही होऊ शकतं. व्हिडिओ हाताळणारा एफएफएमपेगसारखा प्रकल्प सुरू होताना प्रोसेसरला विचारतो, तुला काय काय येतं, आणि त्याप्रमाणे आतली वाट निवडतो. जुन्या मशीनवर तो हळू चालतो, पण चालतो. डिझाइन करणाऱ्या माणसाला हळू चालणं परवडतं. ब्लर लागायला दोन सेकंदांऐवजी आठ सेकंद लागले तर आम्ही तेवढा वेळ थांबतो, वर्षानुवर्षं थांबत आलो आहोत.

ग्राफिक कार्डाच्या बाबतीत मी ब्लेंडर या मोफत थ्रीडी सॉफ्टवेअरचं उदाहरण देईन, कारण तिथे सगळं उघड्यावर आहे. ग्राफिक कार्डाशी बोलण्याची एक भाषा आहे, ओपनजीएल. ब्लेंडर २.७९ तिच्या २.१ या व्हर्जनवर भागवत होतं. जुलै २०१९ मध्ये २.८० आलं, त्याला ३.३ लागू लागलं. नोव्हेंबर २०२३ मधल्या ४.० ला ४.३. आता २०११ च्या, सँडी ब्रिज पिढीच्या प्रोसेसरच्या लॅपटॉपमधलं इंटेलचं अंगभूत ग्राफिक्स विंडोजवर ३.१ पर्यंतच जातं. म्हणजे तो लॅपटॉप २.८० च्या उंबऱ्यावरच थांबला. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या एका मुलीकडे नेमका असाच लॅपटॉप होता, मोठ्या भावाकडून आलेला. तिला मी २.७९ उतरवून दिलं. मॉडेलिंग, यूव्ही उलगडणं, मटेरियल, सगळं ती त्याच्यावर शिकली. रात्री रेंडर लावायची आणि सकाळी बघायची. दीड वर्षाने कामाचे पैसे मिळाल्यावर तिने नवीन मशीन घेतलं आणि नव्या व्हर्जनवर गेली. हे जमलं ते एकाच गोष्टीमुळे : ब्लेंडरने आपली जुनी व्हर्जन्स सर्व्हरवर, सगळ्यांना दिसतील अशी, तशीच ठेवली आहेत. कुणाची परवानगी लागली नाही. त्यांनीही नव्या व्हर्जनमध्ये जुनं हार्डवेअर सोडलंच. पण सोडताना मागचं दार उघडं ठेवलं.

मला तुमच्याकडून हेच हवं आहे. प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टिमवर चालणारं तुमचं शेवटचं व्हर्जन कोणतं, ते एका पानावर लिहा. त्याचा इन्स्टॉलर तिथेच ठेवा. ज्याने त्याचे पैसे भरले आहेत त्याला ते कितीही वेळा, कितव्याही वर्षी, तुमचा सर्व्हर जिवंत असो वा नसो, सुरू करता आलं पाहिजे.

हे अशक्य नाही, कारण हे झालेलं आहे. सीएस२ हा ॲडोबीचा, फोटोशॉप वगैरेंचा २००५ चा संच. त्याचे ॲक्टिव्हेशन सर्व्हर बंद केले तेव्हा ॲडोबीने लायसन्स असलेल्यांसाठी ॲक्टिव्हेशन न लागणारे इन्स्टॉलर आणि सीरियल नंबर उपलब्ध करून दिले. ही २०१३ ची गोष्ट. कंपनी त्याने बुडाली नाही. त्याच वर्षी फोटोशॉपच्या १.०.१ व्हर्जनचा मूळ सोर्स कोड कंपनीच्या परवानगीने कॅलिफोर्नियातल्या कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियमने लोकांपुढे ठेवला. मला तेव्हा फार आनंद झाला होता. पण म्युझियममध्ये ठेवण्याइतकं जे मोलाचं असतं, ते मधल्या काळात वापरणाऱ्याच्या हातात का राहू नये? त्याच कंपनीने २०१९ मध्ये क्रिएटिव्ह क्लाउड या सबस्क्रिप्शनच्या ग्राहकांना कळवलं की काही जुनी व्हर्जन्स वापरण्याचा परवाना आता तुम्हाला नाही. महिन्याच्या महिन्याला पैसे भरणाऱ्या माणसाने ज्या व्हर्जनवर सगळं काम बसवलं होतं, ते व्हर्जन एका ईमेलने गेलं.

मॅक वापरणारे याहून वेगळ्या कात्रीत सापडले. ऑक्टोबर २०१९ मध्ये मॅकओएस कॅटलिना आलं आणि जुन्या पद्धतीचे ३२-बिट प्रोग्रॅम चालणं थांबलं. फोटोशॉप वर्षानुवर्षं ६४-बिटच होतं, पण त्याच्या जुन्या व्हर्जन्सचा इन्स्टॉलर आणि लायसन्स तपासणारा भाग ३२-बिट होता. हे मला फार लागलं. चित्र काढणारा भाग नव्या सिस्टिमवर चालू शकला असता की नाही हा प्रश्न पुढचा. माणूस त्याच्यापर्यंत पोहोचायच्या आत दारावरचा पहारेकरीच कोसळला होता. कुलूप मालापेक्षा आधी गंजतं, हे ज्यांनी कुलूप लावलं त्यांनी लक्षात ठेवायला हवं होतं.

फाइलचं काय? नुसतं जुनं व्हर्जन सुरू होऊन भागत नाही, समोरच्याने पाठवलेली फाइलही उघडली पाहिजे. आमच्या धंद्यात रोज होणारं संभाषण असं : "फाइल उघडत नाहीये, खालच्या व्हर्जनमध्ये सेव्ह करून पाठव." तो पाठवतो. ती उघडते, पण ग्रेडियंटचा बिटमॅप झालेला असतो, सावली पांढऱ्या चौकोनासकट आलेली असते, आणि मजकूर कर्व्ह, म्हणजे अक्षरांऐवजी नुसते आकार, झालेला असतो. मग त्यात एक चुकीचा शब्द दिसला की अक्षर अन् अक्षर नव्याने टाइप करायचं. मी एका रात्री असा चोवीस पानी कॅटलॉग दुरुस्त केलेला आहे. मूळ फाइल बनवणाऱ्याने काहीही चूक केली नव्हती, मीही नव्हती.

इथेसुद्धा चांगले दाखले तुमच्याच घरात आहेत. ऑटोकॅड या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरची डीडब्ल्यूजी फाइल नोटपॅडमध्ये उघडून पाहा. बाकी सगळा कचरा दिसेल, पण पहिली सहा अक्षरं वाचता येतात. एसी१०१५ असेल तर ऑटोकॅड २००० चा फॉरमॅट, एसी१०२७ म्हणजे २०१३ चा, एसी१०३२ म्हणजे २०१८ चा. हा २०१८ चा फॉरमॅट पुढच्या कित्येक व्हर्जन्सना पुरला. दरवर्षी नवं सॉफ्टवेअर आलं, पण फाइल तीच राहिली, आणि आठ वर्षं जुनं ऑटोकॅड चालवणाऱ्यालाही आजचं ड्रॉइंग उघडता येतं. इलस्ट्रेटरनेही २०२० नंतर हेच केलं. सेव्ह करताना पुढची अनेक वर्षं 'इलस्ट्रेटर २०२०' हाच पर्याय दिसत राहिला. पानं मांडायच्या इनडिझाइनमध्ये सीएस४ पासून, जुन्या व्हर्जनला फाइल देण्यासाठी, आयडीएमएल हा फॉरमॅट आहे, आणि त्यातून आलेल्या फाइलमध्ये मजकूर मजकूरच राहतो. ज्यांनी ही कामं केली त्यांचे मनापासून आभार. बाकीच्यांनी तेवढंच करावं. फॉरमॅट खरंच बदलावा लागला तर बदला, पण खालच्या व्हर्जनमध्ये सेव्ह करताना काय काय बदलणार आहे हे फाइल बनवणाऱ्याला तिथेच, नाव घेऊन सांगा. 'काही वैशिष्ट्यं गमावली जाऊ शकतात' हे वाक्य वाचून कुणालाही काही कळत नाही.

तुमचं उत्तर मला माहीत आहे : सुरक्षितता. विंडोज ७ चा सर्वसाधारण आधार १४ जानेवारी २०२० ला संपला, विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ ला. अशा सिस्टिमवर आमचं सॉफ्टवेअर चालवायला प्रोत्साहन देणं बेजबाबदारपणाचं ठरेल, असं तुम्ही म्हणाल. धोका खरा आहे आणि मी तो हलका लेखत नाही. म्हणूनच माझं स्कॅनरचं मशीन नेटवर्कला जोडलेलं नसतं. फाइल पेनड्राइव्हने जाते आणि येते. ॲक्टिव्हेशन करण्यापुरतं मात्र मला ते इंटरनेटवर आणावं लागलं. सुरक्षिततेची खरोखर काळजी असेल तर जुन्या मशीनला बाहेर यायला भाग पाडणारी एकमेव गोष्ट तुमचं कुलूपच आहे, याकडे बघा.

आणि 'जुनं' या शब्दाचा अर्थही आता फार आकसला आहे. विंडोज ११ ला टीपीएम २.० हा सुरक्षेसाठीचा भाग संगणकात लागतो आणि इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा पुढचा प्रोसेसर. सातव्या पिढीतल्या मोजक्याच प्रोसेसरना सूट मिळाली. म्हणजे २०१७ च्या सुरुवातीला घेतलेला, १६ जीबी रॅमचा, उत्तम चालणारा संगणक २०२१ मध्येच रांगेबाहेर गेला. तुम्ही तुमच्या पुढच्या व्हर्जनसाठी विंडोज ११ सक्तीचं केलंत की ते मशीन आमच्या कामापुरतं संपलं. ॲपलनेही टाहो हे इंटेल मॅकसाठीचं शेवटचं मॅकओएस असेल असं जाहीर करून टाकलं आहे. अशा मशीनचं पुढे काय होतं? संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा झाला, आणि त्यातला २२.३ टक्केच रीतसर गोळा होऊन पुनर्वापराला गेला. त्या ढिगात चालू स्थितीतली किती मशीन असतील हे आठवलं की मला माझ्या टेबलाखालचा तो डबा उचलून फेकवत नाही.

तुमच्यापैकी जे पुढचा निर्णय घेणार आहेत, म्हणजे कोणत्या तरी व्हर्जनचं ॲक्टिव्हेशन बंद करण्याचा कागद ज्यांच्यापुढे सहीला येणार आहे, त्यांना विनंती : सही करण्याआधी त्या व्हर्जनमधून ॲक्टिव्हेशनची तपासणी काढून टाकणारा एक छोटा पॅच तयार आहे का, एवढं विचारा. तयार नसेल तर तो होईपर्यंत सर्व्हर चालू ठेवा. तारीख ठरली की ती सहा महिने आधी आम्हाला कळवा, म्हणजे ज्यांची डिस्क आज-उद्या जाणार आहे त्यांना तयारी करता येईल. डाउनलोडच्या पानावर 'हे व्हर्जन आता असुरक्षित मानलं जातं, ऑफलाइन वापरा' असं मोठ्या अक्षरांत लिहा, आमची काहीच हरकत नाही. त्यासाठी फोनवर मदत देऊ नका, बग दुरुस्त करू नका. जसं आहे तसं द्या.

माझ्या त्या मशीनवर सध्या स्कॅनर चालतो आणि सॉफ्टवेअर चालत नाही. स्कॅन केलेली प्रत्येक फाइल पेनड्राइव्हवर घेऊन दुसऱ्या संगणकावर जातो, तिथे साफ करतो, रंग चुकले वाटले तर परत येऊन पुन्हा स्कॅन करतो. गेल्या महिन्यात एका जुन्या चित्रसंचाच्या ऐंशी प्लेट अशाच येरझाऱ्या घालत पूर्ण केल्या. सीरियल नंबर वहीच्या पहिल्या पानावर आहे, डिस्क खणात आहे. तुम्ही पॅच ठेवलात तर त्याच संध्याकाळी मी इन्स्टॉल करून तुम्हाला चालल्याचं कळवीन.

आपला,
पैसे भरलेला एक ग्राहक